सूर्यदेवीच्या दारात सुतक

दृश्य एक्केचाळीस, टेक एक

चारशे देव सकाळी सातपासून उभे होते, आणि त्यातल्या निम्म्यांना लघवीला जायचं होतं.

क्योतोच्या स्टुडिओतला तो सगळ्यात मोठा मंच. त्यावर लाकडी पट्ट्या, गोणपाट आणि प्लास्टर यांची उभी केलेली गुहा. गुहेच्या तोंडाशी सरकवता येईल अशी शिळा, आणि शिळेमागे रुसून बसलेली सूर्यदेवी. जून महिना होता आणि मंचाला खिडकी नव्हती. दिवे लागले की देवांच्या दाढ्या घामानं सुटून हनुवटीवरून घरंगळायच्या, मग मेकअपची माणसं डिंकाच्या बाटल्या घेऊन देवांमधून धावायची. कोपऱ्यात सहा कोंबडे होते. पटकथेप्रमाणे त्यांनी इशारा मिळाल्यावर आरवायचं होतं. ते इशारा सोडून बाकी सगळ्या वेळी आरवत होते.

पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध, कानेमात्सु उभा होता. वय त्रेसष्ट, धंदा पिंपं आणि टप बांधायचा, गाव लांब पश्चिमेकडच्या डोंगरात. चारशेंपैकी तो एकटाच मुद्दाम पत्र धाडून बोलावून घेतलेला होता. हसण्यासाठी.

"तयार!" इनुबुशी साहेबांचा भोंगा कडाडला. साहेब म्हणजे डायरेक्टर. दिवसातून वीस-पंचवीस शब्द बोलायचे, तेही भोंग्यातून. "उझुमे नाचते आहे. सगळे देव हसतात. हसा!"

पालथ्या टपावर उझुमेचं, म्हणजे सूर्यदेवीला बाहेर काढायला नाचणाऱ्या देवतेचं, काम करणारी नर्तकी थडथड पाय आपटू लागली. चारशे देव हसले. कसे, तर वरिष्ठांनी जुनाच विनोद सांगितल्यावर कचेरीतली माणसं हसतात तसे.

कानेमात्सुनं मान मागे टाकली. तोंड उघडलं. पोट हलवलं, खांदे हलवले, मांडीवर थाप मारली.

आवाज काढला नाही.

"कट!"

ध्वनिमुद्रणाच्या काचेमागून शिमोदानं डोकं बाहेर काढलं. "साहेब, पहिल्या रांगेत मधे भोक आहे. कोणीतरी नुसतंच तोंड वासतंय."

कानेमात्सु खाली बघत राहिला. शेजारच्या देवानं त्याला कोपर मारलं. हा गेन्झाबुरो. वीस वर्षं स्टुडिओत गर्दी म्हणून उभा राहणारा माणूस. "काका, काल मी प्रेत होतो. परवा घोड्याचा मोतद्दार. आज देव. बढतीच की! तुमचं काय बिनसलंय?"

कापून ठेवलेला तुकडा

काय बिनसलं होतं ते सांगायला मागं जायला हवं, फार नाही, सहा महिने.

कानेमात्सुच्या गावात डिसेंबरच्या सुरुवातीला हसण्याचा विधी असतो. गावकीच्या घरात पुरुष समोरासमोर बसतात. दोघा-दोघांनी उठून हातात साकाकीची, देवाला वाहायच्या सदाहरित झाडाची, फांदी धरायची आणि देवासमोर तीनदा हसायचं. एकदा यंदाच्या पिकासाठी, एकदा पुढच्या वर्षीच्या पिकासाठी, आणि एकदा वर्षभराचं दुःख टाकून देण्यासाठी. बाजूला एक म्हातारा परात घेऊन बसतो. हसू मनापासूनचं नसेल तर तो परात बडवतो, आणि पुन्हा हसावं लागतं. कानेमात्सुच्या बाबतीत तीस वर्षांत परात फक्त दोनदा वाजली होती.

गेल्या डिसेंबरात तिथे कुवाहारा आला. हा डायरेक्टरसाहेबांचा मदतनीस. पस्तिशीचा, अर्धं टक्कल, कायम घाईत. देवादिकांच्या जुन्या कथांवरचा मोठा सिनेमा होतोय म्हणाला. सूर्यदेवी रुसून गुहेत जाते, जग अंधारतं, तेव्हा ऐंशी लाख देव जमतात आणि इतके हसतात की काय चाललंय ते बघायला ती दार किलकिलं करते. "आमच्याकडे गर्दी आहे, हसू नाही," तो म्हणाला. "हे काका एकदा पेटले की चारशे जण पेटतील."

कानेमात्सु म्हणाला, विचार करून सांगतो. त्याच्या बायकोनं, शिगेनोनं, विचार वगैरे न करता दुसऱ्याच दिवशी होकाराचं पत्र टाकलं. मग गावभर सांगितलं. मग त्याच्या प्रवासाच्या कपड्यांना नवी कॉलर लावली.

आणि मे महिन्याच्या शेवटी, परसात कांदे उपटताना, ती तिथेच वाफ्यात बसली आणि आडवी झाली. संध्याकाळपर्यंत संपलं.

घरातल्या देव्हाऱ्यावर मुलीनं, मित्सुएनं, पांढरा कागद चिकटवला. पन्नास दिवस तो काढायचा नाही, देवळाच्या कमानीखालून जायचं नाही, देवासमोर उभं राहायचं नाही, हसणं तर सोडाच.

सोळाव्या दिवशी कानेमात्सु बोचकं बांधायला लागला.

"बाबा, जाऊ नका असं म्हणत नाही मी," मित्सुए म्हणाली. "पण सुतकात देवीपुढे हसायला जायचं?"

"कसली देवी ग? नटी आहे ती. गुहा प्लास्टरची आहे."

"मग खरं सांगा त्यांना, घरी मयत झालंय म्हणून."

"सांगितलं तर नको म्हणतील. आणि शब्द तुझ्या आईनं दिलाय. तो मी कसा परत घेऊ?"

खोट्या गुहेला खरं सुतक लागत नाही, हा हिशेब त्यानं आगगाडीत पुन्हापुन्हा करून पाहिला. प्रत्येक वेळी तो बरोबर आला.

स्टुडिओत पोचला आणि हिशेब बोंबलला. गुहेच्या दारासाठी जी दोरी आणली होती ती खरी होती. नव्या पेंढ्याची, डाव्या पिळाची, पांढऱ्या कागदी झिरमिळ्या लावलेली. आणि दोरीसोबत आला होता खराखुरा पुजारी. त्यानं गुहेपुढे तांदूळ, मीठ आणि साके ही तांदळाची दारू मांडली, मंत्र म्हटले आणि कागदी झुपका सगळ्यांच्या माथ्यांवरून फिरवला. सगळे वाकले. कानेमात्सु जोड्याचा बंद बांधायच्या निमित्तानं खांबामागे सरकला, म्हणून झुपका त्याच्यावरून गेला नाही. प्लास्टरच्या त्या ढिगाचं आता देऊळ झालं होतं, आणि पहिल्या रांगेत मधोमध, देवाच्या वेषात, सुतकी माणूस उभा राहणार होता.

टेक दोन

"हसा!"

या वेळी कानेमात्सुनं ठरवलं होतं, थोडासा आवाज काढायचा. निदान भोक बुजेल एवढा. त्यानं श्वास घेतला, आणि डोक्यावरचा मोठा दिवा फुटला.

काचांचा पाऊस पडला. कोणाला लागलं नाही. सहाच्या सहा कोंबडे एकदम आरवले.

"आत्ता आरवतायत, मेले," कोंबड्यांचा माणूस म्हणाला.

सगळे हसले, आणि छान हसले, पण तोवर कॅमेरा बंद झाला होता. कानेमात्सुची नजर मात्र गुहेवरच्या दोरीकडे गेली.

जेवणाची सुट्टी

डब्यात भात, मुळ्याचं लोणचं आणि तळलेला मासा होता. कानेमात्सुनं मासा उचलून गेन्झाबुरोच्या डब्यात ठेवला.

"का हो? वास येतोय?"

"नाही, नाही. पोट बरं नाही."

"सकाळी पण नाही, आता पण नाही." गेन्झाबुरोनं मासा चावत त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काका, तुम्हाला भीती वाटतेय ना? कॅमेऱ्याची? मलाही वाटायची. मी युक्ती सांगतो. लेन्सकडे सासू समजून बघायचं. भीती जाते, तिरस्कार येतो."

कानेमात्सु हसला नाही. पण सांगावंसं वाटलं, एवढं मात्र खरं. तोंडात आलेलं त्यानं भाताबरोबर गिळलं.

टेक तीन

पटकथेची नोंद ठेवणाऱ्या बाईंच्या वहीत या टेकबद्दल एवढंच आहे: दुपारी एक वाजून दहा. उझुमे टपावरून पडली. घोटा मुरगळला. शॉट वाया. टपाची कडी निसटली होती.

एरवी कानेमात्सुनं त्या टपाकडे लांबून बघूनच सांगितलं असतं की कडी ढिली आहे, तिच्यावर नाचाल तर आपटाल. चाळीस वर्षं त्यानं दुसरं केलंय काय? पण आज त्याला कडी दिसलीच नाही. त्याला दिसली ती घोटा धरून कण्हणारी पोरगी. आधी दिवा, आता हिचा पाय. तिसऱ्या वेळी कोणाचा जीव जाईल.

तो रांग सोडून निघाला.

कॅमेरा बंद

कुवाहारा गुहेच्या मागच्या बाजूला सापडला. तिथे पट्ट्यांचा सांगाडा उघडाच होता, तारांची भेंडोळी पडली होती, आणि वायरमनना आत शिरायला एक चौकोनी भोक ठेवलेलं होतं.

"साहेब, मला घरी पाठवा."

"काका, आता नको हं. आता खरंच नको. पाय मोडलेली नाचणारी आहे, न आरवणारे कोंबडे आहेत, आणि तुम्ही..."

"माझ्या घरी मयत झालंय."

कुवाहाराच्या हातातली पेन्सिल थांबली. "कोण?"

"बायको."

"कधी?"

"आज एकोणिसावा दिवस."

कुवाहारा मटकन तारांच्या भेंडोळ्यावर बसला. सिनेमाची माणसं शहरी असतात, सूट घालतात, सिगारेटी ओढतात, पण चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी पुजारी आल्याशिवाय त्यांच्यातला एक जण दिव्याचा खटका दाबत नाही. "एकोणीस," तो पुटपुटला. "आणि तुम्ही त्या दोरीसमोर, मधोमध... अहो काका! बाहेर कळलं तर चारशे देव पळून जातील. दिवेवाले तर आधी."

"म्हणूनच सांगतो, पाठवा. चूक माझी आहे. मला वाटलं प्लास्टरला काय कळतंय. पण तुम्ही त्याची पूजा केलीत."

"पूजा केली म्हणजे आमचंच चुकलं?"

"तसं नाही हो."

"मग कसं? पुजाऱ्याला परत बोलवायचं म्हणजे आजचा दिवस गेला, आणि साहेबांना काय सांगू? पत्रात एक ओळ नाही का लिहायची, काका? एक ओळ!"

"पत्रं तीच लिहायची," कानेमात्सु म्हणाला.

कुवाहारानं पेन्सिल कानामागे खोचली.

तेवढ्यात भोकातून आवाज आला. "त्यांना आत पाठवा."

दोघं दचकले. आत सूर्यदेवी होती. म्हणजे हानाईबाई, चाळिशीची नटी, जन्मभर आयांच्या आणि खाणावळीच्या मालकिणींच्या भूमिका केलेली, यंदा पहिल्यांदा देवी. चार तास ती त्या अंधारात बसून होती, आणि प्लास्टरला कान असोत नसोत, तिला होते.

"बाई, तुम्ही ऐकलंत?" कुवाहारा म्हणाला.

"सगळं. कोंबडेवाला माझ्याबद्दल काय बोलला तेही. कुवाहारा, तू पटकथा वाचली आहेस ना? मी गुहेत का येऊन बसले?"

"भावाचा राग आला म्हणून."

"भावानं काय केलं?"

"विणकरघराचं छप्पर फोडून सोललेलं घोडं आत टाकलं."

"आणि?"

कुवाहारानं टक्कल खाजवलं. "आणि विणणारी घाबरली, धोटा लागला, ती... मेली."

"माझ्या घरातली मुलगी. माझ्या डोळ्यांसमोर." आतला आवाज शांत होता. "म्हणजे माझ्याही घरी मयत झालंय. चार तास बसून दुसरं करायला काय आहे? तेच डोक्यात घोळवतेय. बाहेरच्यांना सुतक नाही, त्यांनी हसावं. ज्याला सुतक आहे त्याची जागा इकडे. या, काका. डोकं सांभाळा, खिळे आहेत."

कुवाहारानं कानेमात्सुकडे पाहिलं. कानेमात्सुनं भोकाकडे पाहिलं. मग जोडे काढले, नीट जुळवून ठेवले, आणि रांगत आत गेला.

टेक चार, आतून

आत देवीनं मुकुट मांडीवर घेतला होता आणि दोन्ही पाय बर्फाच्या टपात सोडले होते.

"टाका पाय," ती म्हणाली.

"देवीच्या टपात?"

"देवी मेकअपमध्ये उकडून चाललीये. टाका."

कानेमात्सुनं आधी टपाच्या कड्या चाचपल्या. चांगल्या होत्या. मग पाय बुडवले. गार कळ थेट डोक्यापर्यंत गेली.

बाहेर धावपळ ऐकू येत होती. उझुमेसाठी दुसरी मुलगी उभी केली होती, टप बदलला होता. शिळेच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत आली. भोंगा कडाडला. पाय थडथडले. चारशे देव हसले.

"खोटं," कानेमात्सु हळूच म्हणाला.

"कशावरून?" तीही कुजबुजली.

"भिंतीआडून लगेच कळतं. आमच्या विधीला बायकांना आत घेत नाहीत. आमची ही स्वयंपाकघरात भात शिजवत बसायची, मधे भिंत. आणि घरी जाताना रस्त्यात निकाल सांगायची. पहिलं बरं होतं. दुसऱ्याला तुम्ही जांभई दाबलीत. तिसऱ्याला भूक लागली होती. परातवाल्याला कळायचं नाही, हिला कळायचं."

"कधी पास केलं की नाही?"

"एकदा. अकरा वर्षांपूर्वी. म्हणाली, आज खरं हसलात, काय झालं आत?"

"काय झालं होतं?"

बाहेर देवांचं हसू मरायला टेकलं होतं, भोंगा "अजून! अजून!" करत होता.

"मी तिला सांगितलं नाही, आतल्यांनाही शपथ घातली. लाज वाटली. दर वर्षी विचारायची. भांडायचीसुद्धा. म्हणायची, मरायच्या आधी सांगाल ना? मी म्हणायचो, बघू."

"मला सांगा."

"देवीला सांगण्यासारखं नाही ते."

"मी खाणावळवाल्या बाया केल्यात आयुष्यभर. सांगा."

"माझी... माझी नाडी सुटली. कमरेला बांधायचा ठेवणीतला पायघोळ पोशाख, हातात फांदी, समोर देव, शेजारी पुजारी, आणि पोशाख घसरून घोट्यांत. आतला लंगोट तिनं घाईघाईत शिवलेला, तांदळाच्या पोत्याचा. मागे मोठ्या अक्षरात छापलेलं होतं: उत्तम प्रत, ओलाव्यापासून जपा."

देवीच्या घशातून कसलातरी आवाज आला. तिनं बाही तोंडात कोंबली.

"पुजाऱ्यानं वाचलं," कानेमात्सु म्हणाला. "मोठ्यानं."

आणि तो हसला. पोटातून काहीतरी निसटलं, पिंपाची तळाची कडी तुटली की सगळ्या फळ्या एकदम फाकतात तसं. ती स्वयंपाकघरात होती, भिंतीपलीकडे, हातात पळी. दोन पावलांवर. अकरा वर्षं दोन पावलांवर होती आणि त्यानं सांगितलं नाही. तो हसत होता आणि नाकातून, डोळ्यांतून पाणी बर्फाच्या टपात पडत होतं. शेजारी सूर्यदेवी भिंतीला टेकून हुंदके दिल्यासारखी हसत होती, आणि प्लास्टरची ती पोकळ गुहा दोघांचं हसू नगाऱ्यासारखं घुमवून बाहेर फेकत होती.

बाहेर शांतता पसरली. रुसून बसलेल्या देवीच्या बंद गुहेतून एक म्हातारा खदखदत होता.

मग गेन्झाबुरोचा आवाज आला, "अरे, आत कोण आहे?" आणि तोही फुटला. मग त्याच्या मागचा. मग रांग. मग चारशे माणसं, दाढ्या हातात धरून, एकमेकांच्या खांद्यांवर कोसळत, कशाला हसतोय ते न कळता हसू लागली.

हानाईबाईंनी मुकुट कसाबसा डोक्यावर चढवला. शिळा सरकली. उजेडाचा लोंढा आत आला. पटकथेत लिहिलं होतं: देवी गंभीर, किंचित कुतूहलानं बाहेर डोकावते. देवी बाहेर डोकावली तेव्हा तिच्या गालांवर काजळाचे दोन ओहोळ होते, पाय ओले होते आणि ओठ हसणं थांबवायला तयार नव्हते. बलदंड देवानं तिचा हात धरून तिला बाहेर ओढलं. तिच्या मागे दोरी ताणली गेली, परत आत जायचं नाही म्हणून.

कानेमात्सु अंधारात कोपऱ्याला चिकटून बसला. दोरी त्याच्यासमोर होती, आणि तो अलीकडे.

कॅमेऱ्याची घरघर तेवढी चालू होती.

"कट," इनुबुशी साहेब म्हणाले. भोंग्याशिवाय. मग, "आतला कोण?"

कुवाहारानं त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. सगळं सांगितलं असावं, कारण फार वेळ लागला.

"परत हसेल?"

"नाही, साहेब. मी विचारणारही नाही."

साहेबांनी टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. "पुढचा शॉट लावा."

मागची बाजू

कानेमात्सु भोकातून रांगत बाहेर आला, जोडे चढवले. दाढी केव्हा गळून पडली ते कळलं नव्हतं. बाहेर कुवाहारानं दोरी वर धरून "काका, इकडून या" अशी हाक मारली होती, पण त्यानं नको म्हटलं होतं. एकतीस दिवस राहिले होते. दोरीखालून जायचं ते त्यानंतर.

हसल्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. बरगड्या दुखत होत्या, बस.

तारांच्या भेंडोळ्यांवरून वाट काढत हानाईबाई आल्या. मुकुटाची सोनेरी पानं वायरींत अडकत होती, त्या सोडवत होत्या, परत अडकत होती. समोर आल्या, झगा सावरला, दोन्ही हात पुढे जुळवले आणि कमरेत पार वाकल्या.

"आपल्या घरी फार मोठं दुःख झालं," त्या म्हणाल्या. "काय बोलावं, शब्द नाहीत."

सगळेच बोलतात ते हे शब्द. पण गावात ते मित्सुएला बोलले गेले होते, जावयाला बोलले गेले होते. कानेमात्सु तेव्हा मागच्या खोलीत शवपेटीच्या फळ्या तासत बसला होता, कारण दुसऱ्यानं केलेली पेटी त्याला चालणार नव्हती. इथे तर कोणाला ठाऊकच नव्हतं. त्याला एकोणीस दिवसांत तोंडावर हे कोणी म्हटलं नव्हतं.

तो त्यांच्यापेक्षा खाली वाकला. आणि रीतीनं जे उत्तर द्यायचं असतं ते, एक शब्द न गाळता, त्यानं दिलं.

"ती होती तोवर तुम्ही तिला फार जीव लावलात. तिच्या वतीनं आभार मानतो."

हानाईबाईंनी शिगेनोला कधी पाहिलं नव्हतं. त्या वाकलेल्याच राहिल्या, आणि म्हणाल्या, "छे, छे. मी कसलं काय केलं."